पोपटाने पाहिलेला गोवा

समुद्रकथांचे खरे वेडे समुद्राकाठी फारसे सापडत नाहीत. ज्यांच्या परसापर्यंत भरतीचं पाणी येतं त्यांना त्या पाण्यात कादंबरी दिसत नाही. डिझेलचा भाव दिसतो, फाटलेली जाळी दिसतात, पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीचे रिकामे दिवस दिसतात. वेड लागतं ते आम्हा घाटावरच्यांना. आमच्या गावातलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पाझर तलाव, आणि तोही होळीनंतर तळ दाखवायचा. त्याच्या बांधावर बसून मी केप हॉर्नला वळसा घातला आहे, भर वादळात डोलकाठीवर चढून शिडं आवळली आहेत, खारवलेलं मांस आणि किडकी बिस्किटं खाऊन महिनोन्‌महिने काढले आहेत. प्रत्यक्षात गेटवेहून मांडव्याला निघालेली लाँच बंदराबाहेर पडायच्या आत मला बोट लागते. फॉरेस्टरच्या हॉर्नब्लोअरलाही लागायची, तीसुद्धा नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावर. तेवढ्या एका आधारावर मी स्वतःला दर्यावर्द्यांत मोजतो.

वादळं, बंडं, खजिने, निर्जन बेटं यांच्यासाठी ही पुस्तकं हातात घेतली जातात हे खरं. पण पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं ते त्यांतलं काम. दुसऱ्या कुठल्या कथाप्रकारात माणसं इतकी सतत आणि इतक्या तपशिलात राबताना दिसत नाहीत. आपल्या कौटुंबिक कादंबरीतला नायक सकाळी ऑफिसला जातो आणि दोन ओळींनी घरी येतो. मधले आठ तास लेखकाला नको असतात. जहाजावर ही सोय नाही. तिथे दोर पिळायचे असतात, फळ्यांच्या फटी बुजवायच्या असतात, गोड्या पाण्याची पिंपं मोजायची असतात. मेल्व्हिलच्या 'मोबी डिक'मधली देवमाशाची चरबी कढवण्याची प्रकरणं लोक गाळून पुढे जातात. मी तीच आधी काढतो. कॉनरॅडच्या 'यूथ'मधलं जुनाट जहाज इतकं गळतं, की खलाशी दिवसरात्र पंप मारून आतलं पाणी बाहेर टाकत असतात. पुढे जहाजाच्या पोटातला कोळसा धुमसायला लागतो, आणि जिवाच्या आकांताने बाहेर टाकलेलं पाणी तीच माणसं आता आत ओतू लागतात. त्याच्याच 'टायफून'मधला कप्तान मॅकव्हर हा तर अगदीच कल्पनाशून्य माणूस. वादळ टाळून वळसा घालावा हेसुद्धा त्याला पटत नाही. पण वादळात तळघरातल्या चिनी मजुरांच्या पेट्या फुटून सगळ्यांचे डॉलर एकमेकांत मिसळतात, तेव्हा हा मठ्ठ माणूस सगळे पैसे गोळा करून सर्वांना सारखे वाटून देतो. मला खजिन्याच्या वाटण्यांच्या गोष्टी पुष्कळ माहीत आहेत. ही वाटणी सगळ्यांत आवडती.

आणि खजिन्याचा विषय निघाला की स्टीव्हन्सन आलाच. 'ट्रेझर आयलंड'चा जन्म पावसामुळे झाला. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमर गावी पावसाने सगळ्यांना घरात कोंडलं होतं. सावत्र मुलगा लॉइड रंगपेटी घेऊन बसला होता, स्टीव्हन्सन त्याच्या शेजारी बसला, आणि दोघांच्या नादात एका बेटाचा नकाशा तयार झाला. गोष्ट त्या नकाशातून निघाली. रोज एक प्रकरण लिहायचं आणि घरच्यांना वाचून दाखवायचं. त्याचे वडील नामांकित दीपगृह-अभियंते. कडक, धर्मभीरू गृहस्थ. पण मुलाची चाच्यांची गोष्ट ऐकून त्यांचंही भान हरपलं, आणि बिली बोन्सच्या पेटीत काय काय निघावं याची यादी त्यांनी स्वतः बसून करून दिली. पुस्तक १८८३ मध्ये निघालं. त्याआधी मूळ नकाशा प्रकाशकाकडे पाठवला होता, तो हरवला. मग स्टीव्हन्सनला आपलंच पुस्तक पानोपान चाळून, कुठली टेकडी कुठे, ओढा किती अंतरावर याची टिपणं काढून, मजकुराला जुळेल असा नकाशा नव्याने करावा लागला. तो वडिलांच्या कचेरीत बसून काढला. पण त्याच्या लेखी तो खरा नकाशा कधीच झाला नाही. साहसकथा म्हणजे काहीही घडू शकतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा प्रसंग ध्यानात घ्यावा. काहीही घडू शकत नाही. वारा जिकडून वाहतो तिकडूनच वाहतो, ओहोटी ठरल्या वेळी लागते, आणि लेखकाने अंतर चुकवलं तर शाळकरी वाचकसुद्धा त्याला पकडतो.

पूर्वी मी या पुस्तकांत जहाज कुठे चाललं आहे ते पाहायचो. हल्ली नजर किनाऱ्याकडे जाते, आणि पुष्कळदा तो किनारा ओळखीचा निघतो. 'ट्रेझर आयलंड'मध्येच पाहा. एका पायाचा लाँग जॉन सिल्व्हर जहाजाच्या भटारखान्यात पोरसवदा जिमला आपला पोपट दाखवतो. या पक्ष्याने जग किती पाहिलं हे सांगताना तो बंदरांची नावं घेत सुटतो. त्यात मादागास्कर येतं, मलबार येतं. आणि गोव्याहून निघालेल्या व्हाइसरॉयच्या जहाजावर चाचे चढले तेव्हा हा पोपट तिथे हजर होता, असंही तो ठोकून देतो. लहानपणी ही ओळ माझ्या डोळ्यांखालून कितीदा गेली असेल. गोवा म्हणजे मे महिन्यातली कदंबा बस आणि काजू; त्याचा गोष्टीतल्या फ्लिंट या चाच्याच्या खजिन्याशी काही संबंध असेल हे मनातही आलं नाही.

आणि ती थाप नाही. पोर्तुगीज भारताचा व्हाइसरॉय काउंट ऑफ एरिसेइरा आपली कारकीर्द संपवून गोव्याहून लिस्बनला निघाला होता. जहाजाचं नाव 'नोसा सेन्योरा दो काबो'. वाटेत वादळाने ते इतकं झोडपलं, की भार कमी करायला खलाशांनी तोफा समुद्रात ढकलल्या. डागडुजीसाठी जहाज आज रेयुनियन म्हणतात त्या बेटाला लागलं, आणि एप्रिल १७२१ मध्ये टेलर आणि 'ला ब्यूझ' या नावाने ओळखला जाणारा लेव्हासर हे दोन चाचे तिथे येऊन ठेपले. तोफा नसलेलं जहाज, पोटात हिरे आणि पूर्वेकडचा किमती माल, वर खुद्द व्हाइसरॉय. चाच्यांच्या इतिहासात इतकी मोठी लूट फार थोड्यांच्या वाट्याला आली.

त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट तर आणखी जवळची. ऑगस्ट १७२० मध्ये मुंबईला निघालेलं 'कॅसँड्रा' हे ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज कोमोरो बेटांपाशी एडवर्ड इंग्लंड आणि याच टेलरने गाठलं. कप्तान मॅक्रे तासन्‌तास झुंजला, मग जहाज सोडून बेटावर पळाला, आणि काही दिवसांनी जिवावर उदार होऊन बोलणी करायला चाच्यांच्याच जहाजावर परत गेला. टेलरची माणसं त्याचा मुडदा पाडायच्या बेतात होती. तेवढ्यात भल्यामोठ्या मिशांचा, लाकडी पायाचा, अंगभर पिस्तुलं खोवलेला एक चाचा शिव्या घालत पुढे आला, त्याने मॅक्रेचा हात धरला, आपण याच्या हाताखाली काम केलंय असं सांगितलं आणि याला कोण हात लावतो ते बघतो म्हणून सगळ्यांना दम भरला. चाच्यांच्या चरित्रांचा जो ग्रंथ १७२४ पासून लंडनमध्ये निघत राहिला त्यात हा माणूस बिननावाचाच राहिला आहे. सिल्व्हर आपण आपल्या मित्रावरून, एक पाय गमावलेल्या हेन्ली या कवीवरून उभा केला असं स्टीव्हन्सन सांगतो, आणि त्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. तरी हा मिशाळ माणूस त्याने वाचला नसेल असं मला काही केल्या वाटत नाही. ते चाचे नंतर आपल्याच किनाऱ्यावर आले. विजयदुर्गावरचा हल्ला फसून निघालेल्या मुंबईच्या इंग्रजी ताफ्याशी त्यांची गाठ पडली, तेव्हा ताफ्याने लढण्याऐवजी पळ काढला. पुढे इंग्लंड फार मऊ आहे म्हणून त्याच्याच लोकांनी त्याला मॉरिशसला उतरवून दिलं. म्हणजे व्हाइसरॉयची लूट झाली तेव्हा तो तिथे नव्हताच. सिल्व्हर तर पोपट इंग्लंडबरोबर फिरला म्हणून सांगतो. पक्ष्याने मधे धनी बदलला असणार.

हे एकदा कळल्यावर मी जुनी पुस्तकं फुटपाथवरून आणि रद्दीवाल्याकडून पुन्हा जमवू लागलो. कुठल्या पानावर आपलं माणूस उभं आहे ते हुडकायचा नाद लागला. व्हर्नचा कॅप्टन नेमो सगळ्यांना ठाऊक असतो. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'मध्ये तो कुठला, कुणावर एवढा चिडलेला, हे व्हर्न सांगत नाही. त्याच्या मनात मुळात रशियाने घरदार उद्ध्वस्त केलेला पोलिश सरदार होता. प्रकाशक हेत्झेलला ते परवडणारं नव्हतं, कारण रशियात पुस्तकं खपत होती. काही वर्षांनी 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये उलगडा झाला: नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कार, १८५७ च्या उठावात लढलेला, बायकामुलं गमावलेला. तो टिपू सुलतानाचा भाचा-पुतण्या कुणीतरी लागतो, असंही व्हर्न सांगून टाकतो. बुंदेलखंड कुठे, श्रीरंगपट्टण कुठे, आणि टिपू १७९९ मध्येच गेलेला! पण पॅरिसमधल्या वाचकाला एवढी चौकशी कोण करणार? मला मात्र त्या थापेचंही अप्रूप आहे. झाशीच्या शेजारचा एक माणूस समुद्राच्या तळाशी ग्रंथालय आणि ऑर्गन घेऊन राहतो, सिलोनच्या किनाऱ्यावर शार्कच्या तोंडून एका गरीब पाणबुड्याला सोडवतो आणि मोत्यांची पिशवी त्याच्या हातात ठेवतो. ही कल्पना फ्रान्समध्ये बसून सुचली. आपल्याकडे कुणाला सुचली नाही.

इटलीच्या एमिलिओ साल्गारीने तर कमालच केली. नौकानयनाचं शिक्षण अर्धवट सोडलेला हा माणूस आड्रियाटिकच्या पलीकडे कधी गेला नाही. वाचनालयातले नकाशे आणि प्रवासवर्णनं एवढ्या भांडवलावर त्याने मलायाच्या चाच्यांचा राजा संदोकान निर्माण केला. इंग्रजांशी उभा दावा मांडणारा हा नायक इटालियन पोरांच्या पिढ्यांनी डोक्यावर घेतला. १९७६ मध्ये त्यावर निघालेल्या दूरदर्शन मालिकेत आपला कबीर बेदी संदोकान झाला आणि इटलीत रस्त्याने चालणं त्याला मुश्कील झालं. साल्गारीच्या कथांत त्रेमाल-नाइक नावाचा बंगाली शिकारी आहे, आणि त्याचा इमानी सोबती एक मराठा आहे. नाव: कम्मामुरी. महाराष्ट्रात शहाण्णव कुळं आणि हजारो आडनावं धुंडाळली तरी कम्मामुरी सापडायचा नाही. पण व्हेरोना-तुरीनच्या शाळकरी पोरांना शिवाजी किंवा बाजीराव माहीत होण्याआधी एक मराठा माहीत होता, वाघाला न घाबरणारा आणि धन्यासाठी जीव टाकणारा. साल्गारी स्वतः मात्र प्रकाशकांच्या कराराखाली पिचत राहिला आणि १९११ मध्ये त्याने तुरीनमध्ये आत्महत्या केली.

या कल्पनेतल्या माणसांपेक्षा खरी मुंबई पाहिलेल्या माणसाने काय लिहिलं हे पाहायला हवं. कॉनरॅड १८८४ मध्ये मद्रासला एका कप्तानाशी बिनसून जहाजावरून उतरला आणि मुंबईला आला. इथे 'नार्सिसस' नावाच्या शिडाच्या जहाजावर त्याला दुय्यम अधिकाऱ्याची जागा मिळाली, आणि त्यावरून तो युरोपला गेला. त्या प्रवासातून १८९७ ची त्याची मोठी कादंबरी निघाली. ती सुरू होते मुंबई बंदरात, रात्री. कंदिलाच्या उजेडात खलाशांची हजेरी चालली आहे, किनाऱ्यावरून नवी माणसं होड्यांतून येत आहेत. आणि पांढऱ्या कपड्यांतले आपले नावाडी भाडं आधी मोजा म्हणून ओरडत आहेत. बस. एवढेच आपण. नांगर उचलला की मुंबई संपली. मला या नावाड्यांबद्दल फार कुतूहल आहे. दारू पिऊन आलेले गोरे खलाशी जहाजावर चढले की भाडं बुडालं, हे त्यांना अनुभवाने पक्कं ठाऊक असणार; ओरडण्याशिवाय करतील काय? पण त्या ओरडण्याचा अर्थ त्या पानावर कुणालाच लागत नाही, आणि ही पृथ्वीतलावरच्या सर्वांत जाणत्या समुद्रलेखकाची लेखणी आहे. एरवी याच लेखणीला एकेका खलाशाच्या मनातला अंधार दिसतो. होडीपर्यंत मात्र तिचा उजेड पोचला नाही.

पॅट्रिक ओब्रायन याबाबतीत उजवा. १९६९ पासून मरेपर्यंत त्याने नेपोलियनच्या काळातल्या जॅक ऑब्री आणि स्टीफन मॅट्युरिन या जोडीवर वीस कादंबऱ्या पुऱ्या केल्या. मी त्या ओळीने वाचल्या आणि संपल्यावर पुन्हा पहिलीपासून धरल्या; घरच्यांनी आता विचारणं सोडलं आहे. 'एचएमएस सर्प्राइज'मध्ये जहाज दुरुस्तीला मुंबईच्या गोदीत लागतं आणि डॉक्टर मॅट्युरिन शहरात भटकतो. त्याला दिल नावाची एक चिमुरडी भेटते. ती त्याची वाटाडी होते, त्याला नावं ठेवते, खायला लावते, अक्कल शिकवते. जगातल्या सगळ्या सुखांतलं तिला एकच हवं असतं: चांदीच्या बांगड्या. तो तिला त्या घेऊन देतो. त्या बांगड्यांपायी तिचा जीव जातो. समुद्रकथेच्या मधोमध ही मुंबईतली पानं आहेत. तोफ नाही, वादळ नाही. देणाऱ्याचा हात किती निष्पाप होता आणि किती अडाणी, हे ओब्रायन एका शब्दानेही बोलून दाखवत नाही. कॉनरॅडची होडी इथे किनाऱ्याला लागली असं मला वाटलं.

ओब्रायनच्याच 'द फॉर्च्युन ऑफ वॉर'मध्ये नायक प्रवासी म्हणून 'जावा' या फ्रिगेटवर असतो आणि डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन' तिचा चक्काचूर करते. ही लढाई खरी झालेली. वाचताना इंग्रज वाचक डोलकाठ्या कोसळताना पाहतो. माझं लक्ष माल ठेवायच्या कोठीत. कारण खऱ्या 'जावा'वर मुंबईच्या गोदीसाठी निघालेले नव्या फ्रिगेटचे आराखडे होते. ते जहाजाबरोबर गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली, ती यायला वर्षं गेली, आणि मग वाडियांनी मलबारी सागवानात ते जहाज बांधलं. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात सोडलेलं ते 'ट्रिंकोमली' आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगत उभं आहे. ओक लाकडाचे त्याचे बहुतेक भाऊबंद कधीच नाहीसे झाले.

आता प्रश्न असा, की आपल्याकडे हे का लिहिलं गेलं नाही. साहसाची हौस मराठी वाचकाला नव्हती असं नाही. दातारशास्त्र्यांची 'इंद्रभुवनगुहा', नाथमाधवांचा 'वीरधवल' घराघरांत फडशा पाडून वाचले गेले. पण आपलं साहस जमिनीखाली गेलं. गुहा, भुयारं, तळघरं, चोरदरवाजे, वेषांतरं. सातशे किलोमीटरचा किनारा असून ते पाण्यात उतरलं नाही. याचं कारण मला अगदी उघड वाटतं. लेखणी ज्या घरांत होती त्यांना समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त घ्यावं लागे, आणि सुकाणू ज्यांच्या हातात होतं त्या कोळी, भंडारी, गाबीत, दालदी, खारवी लोकांना लेखणीपर्यंत पोचू दिलं गेलं नाही. मेल्व्हिल आणि कॉनरॅड जहाजावरून उतरून टेबलाशी बसले. आपल्या तांडेलासाठी तसं टेबल नव्हतं. मग भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला, पु. लं.नी हेमिंग्वेचा म्हातारा 'एका कोळियाने' म्हणून आणला, आणि आम्ही उसनं पाणी आनंदाने प्यालो. अनंत सामंतांच्या 'एम. टी. आयवा मारू'त प्रथमच मराठी माणूस गंजक्या व्यापारी जहाजाच्या पोटात शिरला, तिथल्या तेलकट घामाचा आणि भांडणांचा झाला. ती कादंबरी मी रात्रीतून संपवली, आणि मग तिच्या शेजारी ठेवायला दुसरी मराठी कादंबरी शोधत बसलो.

कारण सामग्री कमी नाही, आणि ती आमच्या शत्रूंनी जपून ठेवली आहे. इंग्रज पोरांसाठी 'हर्बर्ट स्ट्रँग' या टोपणनावाखाली दोघांनी मिळून १९०६ मध्ये क्लाइव्हच्या काळावर एक साहसकथा लिहिली. तिचा नायक विजयदुर्गावर आंग्र्यांच्या कैदेत पडतो आणि त्यांचंच गलबत पळवून मुंबई गाठतो. मी ती वाचली, आणि सांगायला हरकत नाही, नायक निसटला तेव्हा मलाही हायसं वाटलं. कथेचं हेच आहे. ज्याच्या खांद्यावरून पाहता त्याचे तुम्ही होता. पुस्तक मिटल्यावर आपण कुठल्या तटावर उभे होतो ते आठवतं.

त्या तटावरून दृश्य वेगळं दिसतं. आंग्र्यांची गुराब म्हणजे उथळ बुडाची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढे लांब नाळ काढलेली. नाळेच्या मागे दोन मोठ्या तोफा समोर रोखलेल्या. गलबतं त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. आता वारा पडला आहे असं समजा. कंपनीचं अवजड जहाज शिडं लोंबकळत जागच्या जागी उभं आहे. त्याच्या सगळ्या तोफा दोन्ही कुशींना. मागच्या बाजूला जवळजवळ काही नाही. तेवढ्यात वल्ह्यांचा ताल ऐकू येतो. गलबतं दोर लावून गुराबांना ओढत आणताहेत, आणि येताहेत ती नेमकी पिछाडीकडून. पहिल्या गोळ्यांचा रोख माणसांवर नसतो, डोलकाठ्या आणि दोरखंडांवर असतो. जहाज पंगू झालं की मग शेकडो माणसं तलवारी घेऊन वर चढतात. आपण हॉर्नब्लोअरमध्ये ज्या डावपेचांना टाळ्या वाजवतो त्यांत याहून सरस फार थोडं आहे. इंग्रज याला चाचेगिरी म्हणत. कान्होजींच्या लेखी ती वसुली होती: छत्रपतींचं सरखेलपद त्यांच्याकडे होतं, या पाण्यातून माल न्यायचा तर त्यांचं दस्तक घ्यावं, घेतलं नाही तर जहाज जप्त. पोर्तुगीजांनी दोनशे वर्षं याच समुद्रात हाच परवाना विकला होता. तेव्हा त्याला कुणी चाचेगिरी म्हटलं नाही. १७१९ मध्ये लंडन 'रॉबिन्सन क्रूसो' वाचत होतं. त्याच्या आगेमागे मुंबईच्या गव्हर्नर बूनने १७१८ ला खांदेरीवर, १७२० ला विजयदुर्गावर आणि १७२१ ला कुलाब्यावर मोहिमा काढल्या. एकही साधली नाही.

यातली शेवटची मोहीम तर आयती कादंबरी आहे. क्लेमंट डाउनिंग नावाचा कंपनीच्या आरमारातला एक दर्यावर्दी तिथे होता, आणि त्याने १७३७ मध्ये ती छापून ठेवली. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून डिसेंबरात अलिबागला उतरले. इंग्रजी आरमाराचा प्रमुख कमोडोर मॅथ्यूज. याला इकडे पाठवलं होतं मादागास्करच्या चाच्यांचा, म्हणजे टेलर आणि मंडळींचा बंदोबस्त करायला; ते काम बाजूला ठेवून हा कुलाब्याच्या वाळूत. किनाऱ्यावर असताना एका मराठा स्वाराने त्याच्या मांडीत भाला मारला. कमोडोर चवताळून त्याच्या मागे लागला, पिस्तुलं झाडली, आणि ती उडालीच नाहीत. हल्ला कोसळला. बाजीराव पेशवे फौज घेऊन आल्यावर पोर्तुगीज तहाच्या गोष्टी करू लागले, तेव्हा मॅथ्यूज तणतणत गेला आणि त्याने वसईच्या पोर्तुगीज जनरलच्या तोंडात आपली काठी खुपसली. खुद्द व्हाइसरॉयचीही त्याने फारशी अदब ठेवली नाही.

कुणी लिहायला बसलंच तर माझं एक म्हणणं आहे: कान्होजींना नायक करू नये. त्यांच्यावर ग्रंथ आहेत, त्यांच्या नावाने आरमाराचा तळ आहे. सरखेल एकदा नायक झाले की ते चुकत नाहीत, घाबरत नाहीत, आणि मग पान उलटायचं कारण उरत नाही. 'ट्रेझर आयलंड' स्क्वायरने सांगितली असती तर ती कोण वाचतं? सफरचंदाच्या पिंपात बसून कट ऐकलेलं पोरगं सांगतं म्हणून आपण ऐकतो. तेव्हा गलबतावर वल्ह्याला बसणारं वरसोलीचं एक पोरगं घ्यावं. दस्तक म्हणजे काय हे त्याला कळू नये. पगार दोन महिने थकलाय हे मात्र पक्कं कळावं. तांडेलाशी त्याचं पटू नये. आणि कमोडोरने रागाने वाळूत भिरकावलेली ती न उडालेली पिस्तुलं सगळ्यांच्या आधी त्याला सापडावीत. ती विकायला तो मुंबईला गेला, की दुसरा भाग सुरू करता येईल.